तंग, पायबंद, खुर्जी : किरगिझस्तानच्या नदीखोऱ्यांत घोड्यांसोबत सात दिवस

माझी भाची बिश्केकला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथं शिकायला असतात. दर उन्हाळ्यात तिचं फोनवर एकच पालुपद, "मावशी, एकदा ये. शहर बघायला नको, घोड्यावरून डोंगरात जाऊ." या जुलैत शेवटी जमलं. मी, माझा धाकटा भाऊ आणि ती, असे तिघं. ई-व्हिसा काढला, दिल्लीमार्गे बिश्केकला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी मार्श्रुत्का म्हणतात त्या मिनीबसनं चारशे किलोमीटरवरच्या काराकोलला निघालो.

जाण्याआधी एक काम केलं होतं, ते आधी सांगते. साताऱ्यात महिनाभर दर शनिवार-रविवारी ओळखीच्या एका गृहस्थांच्या घोडीवर बसायचा सराव केला. लहानपणी पाचगणीच्या टेबललँडवर मारलेली फेरी म्हणजे घोडेस्वारी नव्हे. रोज पाच-सहा तास खोगिरावर बसायचं तर मांड्यांना आणि कमरेला त्याची ओळख हवी. भावानं सराव टाळला आणि दुसऱ्या दिवसापासून तो पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरत होता. जाणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

पहिला दिवस : काराकोल

बिश्केकहून येताना अर्धा रस्ता इसिक-कुल सरोवराच्या काठानं जातो. नावाचा अर्थ 'गरम सरोवर'. 1607 मीटर उंचीवर असून, सभोवती बर्फाचे डोंगर असून ते हिवाळ्यात गोठत नाही. लांबी 182 किलोमीटर. पुणे-मुंबईपेक्षा लांब पाणी बसच्या खिडकीतून तासन्‌तास सोबत करतं.

काराकोल छोटं, झाडांचं गाव आहे. रानघोड्यांच्या ज्या जातीला प्रेझवाल्स्कीचं नाव आहे तो रशियन प्रवासी 1888 मध्ये इथंच वारला आणि पुढं बरीच वर्षं गावालाही त्याचंच नाव होतं. घोड्यांची सहल सुरू करायला याहून योग्य गाव कुठलं असणार? चीनमधून आलेल्या दुंगान मुसलमानांनी 1907 ते 1910 या काळात बांधलेली लाकडी मशीद पाहिली. लोखंडी खिळा न वापरता उभी केलेली, लाल-हिरव्या-पिवळ्या रंगाची, दिसायला एखाद्या चिनी देवळासारखी. संध्याकाळी दुंगानांचंच अश्लान-फू खाल्लं. गार, आंबट, तिखट रश्शात शेवया आणि स्टार्चच्या थुलथुलीत पट्ट्या, सोबत बटाटा भरलेली तळलेली पोळी. प्रवासानं विटलेल्या तोंडाला इतकी चव आली की भावानं दुसरा वाडगा मागवला.

शाकाहारी मंडळींसाठी : गावात काळजी नाही, डोंगरात मात्र आधीच स्पष्ट सांगावं लागतं. पाव, साय, मुरंबे, काकडी-टोमॅटो, बटाटे आणि कुट्टूचा भात हे सगळीकडे मिळतं. आम्ही शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि दोन किलो पोहे नेले होते. इथलं चलन सोम आणि आपला रुपया सध्या जवळपास सारख्याच किमतीचे आहेत, त्यामुळे हिशेबाला सोपं जातं. रोख रक्कम काराकोलमध्येच काढून ठेवा, पुढं काही सोय नाही.

दुसरा दिवस : जेती-ओगूझ

जेती-ओगूझ म्हणजे सात बैल. लाल दगडाचे प्रचंड कडे ओळीनं उभे आहेत, त्यांवरून हे नाव. त्यांच्या पायथ्याशी आमचे घोडेवाले चार घोडे घेऊन थांबले होते. पन्नाशीचे, डोक्यावर पांढरी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, उंच टोपी, चेहरा उन्हानं रापलेला. भाची त्यांना 'बाइके' म्हणाली. बाइके म्हणजे दादा. मग आम्हीही सगळे बाइकेच म्हणू लागलो.

घोड्यांची नावं विचारली तर बाइकेंना प्रश्नच कळेना. नाव नसतं, रंग असतो. माझा 'तोरू', म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. भाचीचा 'बोज', पांढुरका राखाडी. मला एकदम आजोबा आठवले. त्यांच्या बोलण्यात कुमेत, सब्जा, अबलख असे शब्द यायचे, आणि ते घोड्यांचे रंग आहेत एवढंच मला ठाऊक होतं. तोरू म्हणजे आमचा कुमेत आणि बोज म्हणजे सब्जा. आजोबांचा शब्द असा जिवंत, श्वास घेत, माझ्या खांद्याला नाक घासत समोर उभा राहील असं कधी वाटलं नव्हतं.

पुढचे पाच दिवस हेच होत राहिलं. आपली मराठी घोड्यानं भरलेली आहे. लगाम घालतो, खोगीरभरती करतो, पायबंद घालतो, घोडं कुठं अडलं ते विचारतो. बोलताना यातला घोडा आपल्याला दिसत नाही. इथं रोज सकाळी तो दिसत होता. बाइके आधी पाठीवर जाड नमद्याची घडी टाकत, तळहातानं तिच्या सुरकुत्या काढत, एकही दुमड राहू देत नसत. मग लाकडी खोगीर, त्यावर गोधडी, शेवटी दोन्ही बाजूंना लोंबणारी लोकरी पिशवी. तिला ते 'कुर्जुन' म्हणाले आणि मी मोठ्यानं म्हणाले, "खुर्जी!" जुन्या मराठीत घोड्यावरच्या दुहेरी पिशवीला हाच शब्द आहे. फारसीतून एक शाखा त्यांच्याकडे गेली, एक आपल्याकडे आली. बाइकेंनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि खुशीत मान डोलावली. मग आम्ही खेळच सुरू केला. नान, बाजार, चाय, मैदान आणि दोस्ताला 'दोस'. रस्ताभर शब्द सापडत गेले.

रस्ता नदीला धरून वर चढतो. एकामागून एक लाकडी पूल, खाली दुधाळ हिरवं पाणी आणि दोन्ही उतारांवर स्प्रूसची झाडं. ही तिएन शान पर्वतरांगेची खास जात आहे, स्तंभासारखी सरळ आणि अरुंद. खालच्या फांद्याही फार पसरत नाहीत, त्यामुळे दाट रानातून घोडा सहज वाट काढतो. राळेचा वास आणि घोड्याच्या घामाचा वास मिसळून एक वेगळाच वास तयार होतो, तो पुढं कपड्यांना चिकटूनच राहिला.

दुपारी खोरं उघडलं. कोक-जायिक नावाचं विस्तीर्ण गवताळ पठार, त्यावर विखुरलेल्या पांढऱ्या युर्ती, म्हणजे नमद्याचे गोल तंबू. उन्हाळ्यात कुटुंबं जनावरं घेऊन इथं राहायला येतात, या कुरणांना 'जायलू' म्हणतात. एका युर्तीतल्या बाईंनी आम्हाला हाक मारली. त्यांना 'एजे' म्हणायचं, म्हणजे ताई. आत गेल्यावर वर पाहिलं तर मधोमध गोल झरोका, त्यात आडव्या-उभ्या काठ्या. हाच 'तुंदुक' त्यांच्या झेंड्यावर आहे.

एजेंनी कुमीस दिलं. घोडीचं आंबवलेलं दूध. मी घाबरतच घोट घेतला. आंबट ताक घ्या, त्याला धुंगार द्या आणि सोड्याची किंचित चुणचुण आणा, तसं लागतं. धुराचा वास खराच होता, कारण ज्या कातडी पिशवीत ते आंबवतात तिला धुरी देतात. पिशवीतून एक लांब दांडा वर आला होता. तो घुसळायचा दांडा, आपली रवी. भाची हसून म्हणाली, "मावशी, याचं नाव माहितेय? बिश्केक!" ज्या शहरात ती चार वर्षं राहते त्या राजधानीचं नाव रवीवरून पडलंय असं म्हणतात, आणि ती रवी आत्ता माझ्या हाताला लागत होती. मी एजेंना विचारून पन्नासेक वेळा घुसळलं. खांदा भरून आला. त्या दिवसभरात हे शेकडो वेळा करतात.

बाहेर जमिनीलगत ताणलेल्या लांब दोराला शिंगरं बांधली होती. त्या दोराला 'जेले' म्हणतात, आपल्या भाषेत दावण. शिंगरू जवळ असल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही. म्हणून दिवसा शिंगरं दावणीला, दर दीड-दोन तासांनी धार, आणि रात्री शिंगरं आईजवळ मोकळी. एजे शिंगराला आधी दोन घोट पिऊ देत, मग बाजूला सारून एक गुडघा टेकून दुसऱ्यावर बादली धरत. घोडी मान वळवून बघत राहायची, पण पाय हलवायची नाही.

दोन सूचना : कुमीस पहिल्या दिवशी अर्ध्या वाडग्यापेक्षा जास्त पिऊ नका, पोट बिघडतं. चहा अर्धाच पेला भरून दिला तर वाईट वाटून घेऊ नका. पुन्हा पुन्हा वाढता यावा म्हणून तो अर्धा देतात, तो मान आहे.

रात्री तंबू लावल्यावर बाइकेंनी घोड्यांच्या पुढच्या दोन्ही पायांत विणलेल्या दोरीचे फास अडकवले. खरेखुरे पायबंद. घोडा चरत फिरू शकतो, पण लहान पावलांनी. मी ती दोरी हातात घेऊन पाहिली, घामानं आणि गवतानं काळपट आणि मऊ झालेली. तिचं नाव 'तुशू'. मग शेकोटीपाशी बाइकेंनी सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांना रंगीत दोरा बांधतात. मुलांची शर्यत लावतात. जो पहिला येतो त्यानं तो दोरा कापायचा, म्हणजे मूल आयुष्यात बिनअडथळा चालेल. त्या विधीलाही 'तुशू केसू', पायबंद कापणं, असंच म्हणतात. बाइकेंच्या नातवाचं गेल्याच महिन्यात झालं होतं.

तिसरा दिवस : तेलेतीचं पाणी

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं आणि त्याला कारण होतं. या नद्या हिमनद्यांतून येतात. रात्री वर गोठतं, म्हणून पहाटे पाणी कमी. दुपारी ऊन तापलं की तीच नदी पोटाला लागते. बाइके साडेपाचला उठले, पण आमचं आवरायला आठ वाजले. ही चूक आमची.

मुख्य खोरं सोडून तेलेती नदीच्या बाजूला वळलो की रान दाट होतं. वाट कधी मुळांवरून, कधी चिखलातून, कधी थेट ओढ्यातून. घोड्याला पुढं काढायला 'चू!' म्हणायचं. लगाम एका हातात, सैल. "तुम्ही वाट शोधू नका, ती त्याला ठाऊक आहे," बाइके म्हणाले. मला हे मानायला दोन तास लागले. प्रत्येक दगडाशी मी लगाम ओढायची आणि तोरू गोंधळून थांबायचा. एका चढावर थकून हात सोडला, तर तो मान खाली घालून, नाकानं जमीन वाचत, अलगद पाय टाकत वर चढला.

नदी ओलांडायच्या जागेवर पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रुंदी फार नाही, वीसेक पावलं. पण पाणी गढूळ आणि आवाज असा की बोललेलं ऐकू येईना. तळाचे दगड गडगडत होते, तो आवाज पाण्यातून वर येत होता. बाइकेंनी तीन गोष्टी सांगितल्या : पाय रिकिबीत अडकवून ठेवू नका, नुसती बोटं टेकवा, घोड्याचं तोंड थोडं प्रवाहाच्या उलट ठेवा, आणि पाण्याकडे अजिबात बघू नका, पलीकडच्या झाडाकडे बघा. पाण्याकडे पाहिलं की आपणच वाहत चाललोय असं वाटतं आणि माणूस कलंडतो.

मी एक वाळलेला स्प्रूस धरून ठेवला नजरेत. तोरू उतरला. आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. माझे बूट भरले, पाणी इतकं गार की पोटऱ्या बधिर झाल्या. मध्यावर तो थांबला. त्याचं सगळं अंग पाण्याच्या रेट्यानं थरथरत होतं, एक पाय उचलून तो दगड चाचपत होता, पहिला दगड हलला म्हणून त्यानं दुसरा शोधला. खोगिराखाली मला त्याचा प्रत्येक स्नायू कळत होता. मग एक हिसका आणि आम्ही पलीकडे. भाऊ मागून ओरडला, "ताई, गंगेत घोडं न्हालं!" मी रडत होते, हे मला थोड्या वेळानं कळलं.

मागून सामानाचा घोडा येत होता आणि त्याचं खोगीर मध्यावर फिरलं. ओझं एका अंगाला कललं, एक खुर्जी पाण्यात बुडाली. बाइके आपल्या घोड्यासकट परत पाण्यात घुसले आणि दोरानं त्याला ओढून आणलं. दोन स्लीपिंग बॅगा आणि पोह्यांची पिशवी भिजून चिंब. बाइके सामानाकडे गेलेच नाहीत. आधी घोड्याचे चारही पाय, छाती, तोंड हातानं तपासलं आणि मग आमच्याकडे वळले. खोगीर फिरण्याचं कारण साधं होतं. तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा खोगिराचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवून धरतो. थोडं चालला की श्वास सोडतो आणि पट्टा ढिला पडतो. म्हणून निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी उतरून तंग पुन्हा आवळायचाच. सकाळी उशीर झाला म्हणून आम्हीच घाई लावली होती. त्यानंतर रोज मी स्वतः दोन बोटं तंगाखाली घालून बघायची.

दुपारी स्प्रूसच्या कडेला तंबू ठोकले, दोर बांधून सगळं वाळत घातलं आणि तासाभरात गारा आल्या. हरभऱ्याएवढ्या. झाडाखाली घोडे वाऱ्याकडे पाठ करून, माना खाली घालून, एकमेकांना खेटून उभे. आम्हीही त्यांच्याचजवळ जाऊन उभे राहिलो, कारण तिथंच ऊब होती. संध्याकाळी ओले पोहे तसेच फोडणीला टाकले. बाइकेंनी दोनदा घेतले, लोणचं मात्र एकदाच.

सूचना : स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनच खुर्जीत भरा. जुलैत दुपारनंतर पाऊस रोजचा धरून चला. नाल्यांच्या फार जवळ तंबू लावू नका.

चौथा दिवस : खिंड

तेलेतीची खिंड पावणेचार हजार मीटरच्या आसपास आहे. रान संपलं, मग आर्चा म्हणतात ती जमिनीला चिकटलेली झुडपं, मग गवत, मग नुसते दगड. एडलवाइसची मखमली पांढरी फुलं पायवाटेलाच. शेवटच्या टप्प्यात रात्री पडलेलं ताजं बर्फ होतं. उतार मात्र सगळा पायी. घोड्याला पुढून धरून, तिरकं, त्याच्या टाचेखाली आपण येणार नाही असं. गुडघे बोलू लागले. चढाला घोडा तुमचा आणि उताराला तुम्ही घोड्याचे, असं बाइकेंचं म्हणणं.

पाचवा दिवस : काराकोल नदीचं खोरं

इथं काहीच केलं नाही आणि तोच सगळ्यात छान दिवस होता. नदी इथं रुंद होऊन फाटे फोडते, मध्ये हिरवी बेटं, दोन्हीकडे स्प्रूसचं रान आणि खोऱ्याच्या वरच्या तोंडाशी काराकोल शिखराचं बर्फ. घोड्यांना विश्रांती होती. मी तोरूला खरारा केला. पोटाखाली खाजवलं की तो वरचा ओठ लांब करून थरथरवायचा.

आपल्या भीमथडीच्या तट्टांबद्दल वाचलेलं आठवत होतं. बुटकी, काटक, डोंगरात न थकणारी, मिळेल त्या चाऱ्यावर राहणारी. तोरूही तसाच. माझ्या खांद्याएवढी उंची, पण पायाची हाडं जाड आणि खूर दगडासारखे. अशा घोड्यांवर आपली माणसं भीमेच्या खोऱ्यातून अटकेपर्यंत गेली. ते अंतर नकाशावर मी कितीदा पाहिलंय. तीन दिवस खोगिरावर बसल्यावर ते पहिल्यांदा मांड्यांना कळलं.

ओढ्याकाठी गर्द निळी, टोपीसारखी फुलं होती. मी तोडायला वाकले तशी बाइकेंनी हाक मारून थांबवलं. बचनाग! याची एक जात काराकोलच्याच नावानं ओळखली जाते. हात लावू नका, मुलं सोबत असतील तर लक्ष ठेवा.

सहावा आणि सातवा दिवस : अल्तिन-आराशान

काराकोलला उतरून एक रात्र पलंगावर झोपलो आणि अक-सू गावाकडून आराशान नदीच्या खोऱ्यात पुन्हा घोड्यांवर. खालून वर जुन्या रशियन गाड्याही जातात, पण त्या रस्त्यावर गाडीत बसून जे धक्के बसतात त्यापेक्षा घोडा शंभरपट बरा. नदी सतत डाव्या-उजव्या हाताला गर्जत असते. वर खोरं मोकळं होतं आणि समोर पालात्का शिखर. रशियनमध्ये पालात्का म्हणजे तंबू, आणि ते दिसतंही तसंच.

इथं गरम पाण्याचे झरे आहेत. अल्तिन-आराशान म्हणजे सोन्याचा झरा. आराशान हा शब्द मंगोलांकडून आला आणि त्याचं मूळ आपलं संस्कृत 'रसायन'. बौद्ध धर्माबरोबर हा शब्द मध्य आशियात गेला आणि औषधी पाण्याचं नाव होऊन बसला. लाकडी खोलीतल्या त्या टाक्यात गळ्याएवढ्या गरम पाण्यात बसून मी तो शब्द पुटपुटत होते. सहा दिवसांचे सगळे सांधे सुटले. टाक्यात वीसेक मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, बाहेर आल्यावर चक्कर येते.

सातव्या दिवशी दुपारी बाइकेंचा मुलगा घोडे न्यायला आला. दोन आठवडे त्यांना काम नव्हतं, वरच्या जायलूवर मोकळं सोडायचं होतं. मी लोणच्याची उरलेली बरणी दिली. बाइकेंनी ती हसून घेतली, मग दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. जेवण झाल्यावर करतात तसं. "रहमत," मी म्हणाले, धन्यवादाचा तेवढा एक शब्द मला नीट म्हणता यायचा.

त्यांनी तोरूचा तंग सोडला, खोगीर उतरवलं. पाठीवर नमद्याच्या आकाराचा ओला काळा चौकोन उमटला होता, त्यातून वाफ निघत होती. पायबंदाची दोरी त्यांनी घातली नाही, स्वतःच्या खांद्यावर टाकली. तोरू दोन पावलं गेला, गुडघे दुमडून गवतात लोळला, चारही पाय हवेत. उठून अंग झाडलं आणि नदीकडे पाणी प्यायला गेला.